भासऱ्याचं कार्ड

१९९९ साली लग्न होऊन मी या गावात आले, आणि पुढची बारा-तेरा वर्षं मी माझ्या भासऱ्याशी एक शब्दही बोलले नाही. भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्यात भांडण नव्हतं. रीतच तशी होती. धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्यासमोर उभं राहायचं नाही, त्याच्याकडे थेट पाहायचं नाही, त्याचं नाव तोंडात आणायचं नाही, तो बसला असेल त्या खाटेला हात लावायचा नाही. त्यानंही तिच्या बाबतीत तेवढंच जपायचं. एका चुलीवरचं जेवणारी आम्ही दोन माणसं, पण एकमेकांचा आवाज ऐकायचा तो भिंतीआडून.

बोलायचंच झालं तर मध्ये कोणीतरी लागायचं. बहुतेक वेळा माझी जाऊ असायची, त्यांची बायको. ती शेतात असली तर शेळीसुद्धा चालायची. भासरे समोरच्या सपरीत, म्हणजे ओसरीवर, बसलेले असायचे आणि मी आतून शेळीला सांगायची, "भात झाला हाय, हात धुऊन घ्या म्हणा." तेही शेळीलाच उत्तर द्यायचे, "आलो म्हणा." आमच्या आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या पोट धरून हसल्या होत्या. मीही हसले होते. आता ते आठवलं की स्वतःचाच राग येतो.

आमचं गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं. गावाला एक जुना तलाव आहे आणि खालची सगळी धानाची बांधी त्याच्याच पाण्यावर. ते पाणी कोणाच्या बांधीत किती वेळ सोडायचं हे ठरवायचं काम भासऱ्यांकडे होतं. पाण्यावरून माणसं एकमेकांची डोकी फोडतात, पण त्यांनी ठरवलेल्या पाळीला कधी कोणी नावं ठेवली नाहीत. मला आरोग्य केंद्राचं आशाचं काम मिळालं तेही त्यांच्यामुळेच. सासू म्हणाली, घरच्या सुनेनं दारोदार हिंडायचं असेल तर मी विहिरीत जीव देते. नवरा मूग गिळून बसला. तेव्हा भासरे सपरीतून, कोणाकडेही न पाहता म्हणाले, "दहावी शिकली हाय ते. चुलीपुढं बसवून का फायदा? जाऊ द्या." सासूबाई विहिरीकडे गेल्या नाहीत. दुसऱ्या आठवड्यात मी पिशवी खांद्याला लावून कामाला लागले.

आशाच्या कामानं माझी भीड पार चेपली. कोणाची पाळी चुकली, कोणाला अंगावरून जातं, कोणाच्या पोराला किती वेळा जुलाब झाले, हे मी चारचौघांत विचारायला लागले. गावातल्या बायका मला चिडवायच्या, "हिच्यासमोरून जाऊ नका वो, पोटातलं विचारते." बाहेर मी अशी तिखट होते. घरात पाऊल ठेवलं की पदर डोक्यावर यायचा आणि आवाज खाली जायचा.

२०१० नंतरची गोष्ट असेल. आरोग्य केंद्रात आम्हा काही आशांना बोलावलं होतं. नागपूरहून एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्यांनी हातात एक जाड कागदाचं कार्ड धरलं, पोस्टकार्डाहून लहान, आत दोन खिडक्या. त्या म्हणाल्या, मोठ्या आतड्यात गाठ होते, ती वर्षानुवर्षं दुखत नाही. पण शौचाबरोबर थेंबथेंब रक्त जात राहतं. ते डोळ्यांना दिसत नाही, या कार्डाला दिसतं. पन्नाशीच्या वरच्या माणसांनी तीन दिवस सकाळी काडीनं थोडंसं शौच या खिडक्यांवर लावायचं. रक्त निघालं तर नळीच्या कॅमेऱ्यानं आत पाहायचं. गाठ लहान असताना सापडली तर काढून टाकता येते आणि कॅन्सर होण्याआधीच माणूस सुटतो. शेवटी त्यांनी जे सांगितलं ते मी वहीत लिहून खाली रेघ मारली होती. ज्याला रक्त डोळ्यांनी दिसतंय, त्यानं कार्डाची वाट पाहायची नाही. त्याला सरळ दवाखान्यात आणायचं.

ती रेघ मारताना मला एक गोष्ट आठवायला हवी होती. दोन महिन्यांपूर्वी मागच्या सांदवाडीत, परसात, भांडी घासताना जावेनं मला विचारलं होतं, "मूळव्याधीचा मलम भेटते का वो तुमच्या दवाखान्यात?" मी म्हटलं, कोणाला पाहिजे? ती म्हणाली, "असंच." कोणाला पाहिजे ते मला कळलं होतं. सासू गेल्यावर घरात चार मोठी माणसं, त्यातल्या तिघांचं मला माहीत होतं. दुसऱ्या कोणाच्या घरी असं ऐकलं असतं तर मी त्या माणसाला समोर बसवून सगळं वदवून घेतलं असतं. इथं मी राख घेतली आणि कढई घासत राहिले.

मला वीस कार्डं मिळाली. देणाऱ्या साहेबांनी ताकीद दिली, वीस नेली तर वीस भरून आली पाहिजेत, कोरं कार्ड परत आणायचं नाही. गावात कार्डं काढली आणि एकच गोंधळ उडाला. त्या दिवसांत तालुक्याहून पथक यायचं, पहाटे तलावाच्या पाळीआड, बांधामागे, डबा घेऊन बसलेल्या माणसांना पकडायचं, कधी फूल द्यायचं तर कधी फोटो काढायचं. लोकांना वाटलं हे त्याचंच पुढचं पाऊल आहे. एक म्हातारा म्हणाला, "आधी बसू देत नव्हते, आता बसल्यावर वजन घेऊन राहिले." दुसऱ्याला तीन दिवस मटण खायचं नाही हे कळलं तेव्हा त्यानं कार्डच माझ्या अंगावर टाकलं, पुतण्याच्या लग्नात भाजी खाऊ काय म्हणाला. बायका त्या मानानं लवकर तयार झाल्या. पुरुष अडून बसले. पन्नास-साठ वर्षांच्या माणसानं आपली घाण गावच्या सुनेच्या हातात द्यायची, हे त्यांच्या पचनी पडेना.

एका संध्याकाळी मी चुलीजवळ जावेपाशी रडकुंडीला आले. चार कार्डं कोरी होती. मी म्हटलं, आता साहेब चारचौघांत बोलतील, कदाचित कामावरूनही काढतील. मी हे जरा मोठ्यानंच बोलले. सपरीत भासरे जेवत होते. भिंत मातीची आणि वरून उघडी, पलीकडे सगळं ऐकू जायचं. पाण्याचा लोटा खाली ठेवल्याचा आवाज तेवढा आला.

त्या चारांतलं एक कार्ड त्यांचंच होतं. त्यावर त्यांचं नाव मी त्याच संध्याकाळी लिहिलं. जे नाव मी कधी तोंडानं घेतलं नव्हतं ते पेननं लिहिताना मी इकडेतिकडे पाहिलं, कोणी पाहतंय का म्हणून. कार्ड आणि काडी जावेच्या हातात दिली. तिचा चेहरा पडला. "त्यायचं? तुह्या हातात?" मी म्हटलं, कागदात गुंडाळून दे, मी पाहणारसुद्धा नाही. चौथ्या दिवशी पळसाच्या पानात बांधलेली पुडी माझ्या पिशवीजवळ ठेवलेली होती. त्याच दिवशी बाकीची तीन कार्डंही भरून घरी आली. मी पुन्हा मागितलं नव्हतं, मिनतवाऱ्या केल्या नव्हत्या. माणसांना उशिरा का होईना अक्कल आली असं मला वाटलं. वीसच्या वीस कार्डं मी वाजतगाजत नेऊन दिली.

महिन्याभरानं यादी आली. एका बाईच्या कार्डात रक्त निघालं होतं. तिला नागपूरला नेलं, आतड्यात बोराएवढा कोंब सापडला, तो कॅमेऱ्याच्या नळीतूनच काढला. ती अजून रोवणीला जाते आणि माझ्याहून भरभर हात चालवते. बाकी एकोणीस साफ. मी घरोघर जाऊन सांगत सुटले. काही नाही, बिनधास्त राहा, खा-प्या. एवढी चांगली बातमी द्यायला आशाला कुठे मिळते? आमचं काम बहुतेक वाईटच सांगायचं असतं. घरी येऊन जावेला म्हटलं, "त्यांचं पण साफ हाय." ती तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले. "बरं," ती म्हणाली आणि पुन्हा निवडायला लागली.

त्यानंतरचं वर्ष मला पुसून टाकता आलं तर बरं होईल. भासऱ्यांचं ताट अर्धं परत यायला लागलं. आधी मला वाटलं भाजी बिघडली. मग जावेनं सांगितलं, कमरेचा करदोडा सैल झाला म्हणून दोनदा गाठ मारली. तलावाच्या पाळीवरून ते एका दमात तुडुमापर्यंत, पाणी सोडायच्या दारापर्यंत, जायचे, आता मध्ये चिंचेखाली बसायला लागले. गावातल्या वैदूनं ताकातून घ्यायला कसलीशी पूड दिली होती. ती संपली की पुन्हा यायची. घरात एक वास यायला लागला, आंबट, औषधाचा आणि आणखी कसला तरी. जाऊ त्यांचे कपडे आमच्या कपड्यांत मिसळू देईना. सगळे उठायच्या आधी ती ते एकटीच धुऊन टाकायची.

एकदा ती मला म्हणाली, "त्यायले गोंदियाले नेऊन दाखवाव काय वो?" मी शिकलेली, बॅज लावणारी. मी म्हटलं, "कार्ड साफ आलं ना? मूळव्याध हाय ते. उगाच जीव घाबरा करू नको." ती माझ्याकडे पाहत राहिली. तिला काही सांगायचं होतं, हे आज मला स्वच्छ दिसतं. त्या दिवशी मला वाटलं, माझ्या हुशारीचा तिला आधार वाटतोय. दिवाळीनंतर तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं, आणि या वेळी जरा चिडून. यादीत माझ्या हातानं बरोबरची खूण केली होती ना. त्या खुणेवर माझा माझ्या डोळ्यांपेक्षा जास्त भरवसा होता.

धान कापणी चालू असताना ते बांधीतच बसले. पोट नगाऱ्यासारखं ताठ झालं होतं आणि पाणीसुद्धा आत राहत नव्हतं. जीप करून गोंदियाला नेलं. मी पुढे ड्रायव्हरजवळ बसले, मागे नवरा आणि जाऊ त्यांना धरून. त्या दीड-दोन तासांत ते एकदाही कण्हले नाहीत. पुढे मी बसले होते म्हणून कण्हले नसतील, असं मला आता वाटतं.

डॉक्टरांनी पोट तपासलं, फोटो काढले, त्याच दिवशी ऑपरेशन केलं. बाहेर येऊन ते म्हणाले, आतड्यात मोठी गाठ आहे, वाट पूर्ण बंद झाली होती. पोटावरून शौचाची वाट काढून दिली आहे. पण यकृतातही पसरलंय. आता फार काही करता येणार नाही. मी पिशवीतून वही काढली. म्हटलं, "डॉक्टरसाहेब, मागच्या साली तपासणी झाली होती. साफ आलं होतं." डॉक्टरांनी वहीतली नोंद पाहिली आणि मग माझ्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "ती तपासणी कधीकधी चुकते, बाई. पण ही गाठ कित्येक वर्षांची आहे, आणि यांना रक्त तर डोळ्यांनी दिसत होतं म्हणतात. तेव्हाच का आणलं नाही?"

तेवढ्यात मागे जाऊ खाली बसली. दवाखान्याच्या फरशीवर, भिंतीला टेकून. मी तिला उचलायला वाकले तेव्हा ती माझ्या कानाशी म्हणाली, "ते कार्ड त्यायचं नव्हतं. माह्यं होतं."

तिथंच तिनं सगळं सांगितलं. मी चुलीपाशी रडले त्या संध्याकाळी भासऱ्यांनी तिला बाजूला बोलावलं. भाऊसुनेच्या हातात आपली घाण जाणार नाही म्हणाले, जीव गेला तरी नाही. पण आशाबाईचं कार्ड कोरं राहिलं तर साहेब तिला बोलतील. तू तुझं लाव, कोणाला कळते. तिनं लावलं. पुढे यादी आली आणि मी नाचत घरी आले, तेव्हा सांगावं असं तिच्या मनात आलं होतं. पण सरकारी कागदावर खोटं गेलं, आता सांगितलं तर माझंच काम जाईल, या भीतीनं ती गप्प बसली. दोनदा तिनं मला दुसऱ्या वाटेनं सांगायचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा मी तिचं तोंड बंद केलं. मला तिच्यावर ओरडायचं होतं. ओरडायला तोंडच राहिलं नव्हतं.

त्यांना घरी आणलं. पोटावरच्या त्या वाटेला लावलेली शौचाची पिशवी बदलायचं मला दवाखान्यात शिकवलं होतं, पण ते मला खोलीत येऊ देत नव्हते. मी दाराबाहेरून जावेला सांगायची, आता डाव्या हातानं दाब, आता पाण्यानं पूस. ती आत करायची. पिशवी सुटली तर ती रडायची आणि मी उंबरठ्याबाहेर मुठी आवळून उभी राहायची. त्या रीतीचा मला एवढा राग कधी आला नव्हता. तो उंबरठा ओलांडायला मला कोण अडवत होतं? सासू वारली होती. नवरा काही म्हणाला नसता. तरी माझा पाय उचलत नव्हता, हे लिहिताना लाज वाटते.

एका सकाळी जाऊ बाहेर आली आणि म्हणाली, "तुले बोलावून राहिले." मला वाटलं मी चुकून काही ऐकलं. ती म्हणाली, "तुलेच." मी पदर ओढून आत गेले आणि दारापाशीच थांबले. खाटेवर जे उरलं होतं ते पाहून मला धक्का बसला. इतकी वर्षं मी त्यांचा चेहरा नीट पाहिला नव्हता, आणि पाहिला तेव्हा त्यात पाहण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

ते म्हणाले, "बाई, जवळ ये. रीतभात राहू दे आता."

मी खाटेजवळ खाली बसले.

"माह्या एकट्याचंच कार्ड खोटं नाई," ते म्हणाले. एकेक शब्दाला दम लागत होता. "ते तीन माणसं देत नव्हते ना? त्यायच्या घरी मीच गेलो होतो. म्हटलं, घरच्या बाईचं लावून द्या, आशाबाईचं काम होऊन जाते. माह्या शब्दावर देलं त्यायनं." त्यांनी तिघांची नावं घेतली. ती नावं मला पाठ होती, तिघांपुढे माझी बरोबरची खूण होती. "त्यायच्याकडं जा. माह्यं झालं. तू आधी त्यायच्याकडं जा."

मी म्हटलं, "दादा, मले एक डाव सांगतलं असतं."

मी त्यांच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. त्यांनी डोळे मिटले. "कसं सांगतो, बाई," ते म्हणाले.

मला त्यांच्या पायांवर डोकं ठेवायचं होतं आणि त्यांना धरून गदागदा हलवायचंही होतं. दोन्ही केलं नाही. पिशवी भरली होती ती मी बदलली. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं, पण अडवलं नाही. नऊ दिवसांनी ते गेले.

पण त्यांनी नावं सांगितली त्याच दुपारी मी निघाले होते. पहिल्या घरचा माणूस चिडला, मला खोटारडी म्हणाला आणि मग दवाखान्यात यायला कबूल झाला. दुसऱ्या घरी कुलूप होतं, सगळी कापणीला गेली होती. तिसरं घर तलावाच्या पाळीच्या टोकाला. तिथला म्हातारा अंगणात खाटेवर बसला होता, उन्हात असून अंगावर घोंगडी. त्याचे पाय मी पाहिले, काठ्या झाल्या होत्या. खाटेखाली वैदूच्या पुडीचा कागद पडला होता. सुनेनं मला पाहिलं आणि ती आत निघून गेली.

मी त्याच्यासमोर जमिनीवर बसले. म्हटलं, बाबा, तुमचं मागचं कार्ड तुमचं नव्हतं, ते मला कळलंय. मी रागावले नाही. मला फक्त सांगा, रक्त जातं काय?

त्यानं घोंगडी पायांवर ओढून घेतली.

"जाते ना," तो म्हणाला. "तवापासूनच जाते. पोरगा गोंदियाले न्यावाले गाडी पाहून राहिला होता. मंग तुम्ही आल्या, बाई. काई नाई, बिनधास्त राहा म्हणाल्या. मले वाटलं, घरात एकीचं साफ हाय तं सगळ्यायचंच साफ असंल. म्हणून तं गेलो नाई."